'फिट' आणि फिटणे

दिवाळीच्या तोंडावर टेंभी नाक्यावर एकच इंग्रजी विशेषण राबत असते: 'फिट'. शिंप्याचा झब्बा अंगात फिट बसतो, मिस्त्री नळ फिट करतो, डॉक्टरांचा दाखला माणसालाही फिट ठरवतो. शब्द कामाचा खरा. पण त्याच्यापायी घरचे किती शब्द अडगळीत पडले! जोडा मापाचा, रंग साजेसा, उमेदवार लायक, वागणे उचित, स्थळ अनुरूप. प्रत्येकाची छटा निराळी.

गंमत अशी, की मराठी 'फिटणे' याच्या नेमके उलट. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही ते सापडते. निरी फिटते, ऋण फिटते, डोळ्यांचे पारणे फिटते. इंग्रजी 'फिट' आवळतो, मराठी 'फिटणे' मोकळे करते.

नळापुरता 'फिट' खुशाल नांदो. पण वर्गातल्या मुलाला 'अनफिट' म्हटले, की सारा दोष त्याच्याच माथी बसतो. 'योग्य' हा शब्द जोडणे या अर्थाच्या 'युज्' धातूपासून आला. जोडायला दोन बाजू लागतात. म्हणून कशासाठी योग्य, हेही विचारावे लागते.

वाचकहो, झब्बा घट्ट झाला तर शिंपी शिवण उसवतो; अंग कापत नाही. मास्तरांनीही त्याच्याकडून एवढे शिकावे.