पडणे आणि मरणे

कथेतील पात्राला मृत्यू केव्हा यावा हे ठरविण्याचा अधिकार लेखकाचा, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरून चालतो की तिच्याविषयी सहसा वाद होत नाही. लेखकाने एखादे पात्र अकारण मारले तर समीक्षक त्याला जाब विचारतात. पण त्याचा अधिकार कोणी नाकारीत नाही. परंतु गेल्या अर्धशतकात अमेरिकेत रुजून जगभर पसरलेला एक कथाप्रकार असा आहे की, ज्यात हा अधिकार पुस्तकात छापलेले नियम आणि टेबलावर पडणारे फासे यांच्या स्वाधीन केलेला असतो. टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ तो हा. चारपाच खेळाडू प्रत्येकी एक पात्र पत्करतात, एक जण सूत्रधार होऊन जग व संकटे उभी करतो, आणि सर्वांच्या संभाषणातून कथा घडत जाते. या प्रकाराकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहण्याची रीत आहे. तथापि त्यातील मृत्यूविषयक नियम वाचू लागले म्हणजे, मनुष्याच्या शेवटाकडे पाहण्याची एक दृष्टी त्यांत गोवलेली आढळते. त्यांची चिकित्सा वाङ्मयीन कसोट्यांनीच व्हावयास हवी.

या प्रकाराचा आद्य ग्रंथ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याचे मूळ युद्धखेळात आहे. युद्धखेळातील शिपाई पडला की तो पटावरून उचलून बाजूला ठेवतात; त्याच्यासाठी कोणी शोक करीत नाही. नव्या खेळाने हाच हिशेब उचलला. प्रत्येक पात्राला ‘हिट पॉइंट’ नावाचे एक भांडवल मिळे. घावागणिक ते घटे आणि शून्यावर आले की पात्र संपे. मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ या १९७७ च्या खेळात तर पात्राचे पूर्वायुष्यही फाशांनी ठरे, आणि त्यातील सैनिकी नोकरीतच, म्हणजे कथेला आरंभ होण्यापूर्वीच, त्याला मरण येऊ शके. येथे मृत्यू ही केवळ वजाबाकी आहे.

परंतु युद्धखेळातला शिपाई निनावी असतो. भूमिकाखेळातल्या पात्राला नाव असते, आणि महिनोन्महिने त्याच्या तोंडून बोललेला एक खेळाडू त्याच्यामागे असतो. त्यामुळे ही वजाबाकी टिकणे शक्य नव्हते. गायगॅक्स यांनीच १९७९ साली आपल्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात नियम बदलला. शून्यावर आलेले पात्र आता बेशुद्ध पडे, दर फेरीला त्याचा एकेक अंक झिरपत जाई आणि उणे दहावर मृत्यू येई. मध्येच कोणी जखम बांधली तर ते वाचे. मात्र पुढे निदान आठवडाभर त्याला विश्रांती घ्यावी लागे. किरकोळ वाटणाऱ्या या दुरुस्तीने एक मोठी गोष्ट साधली. पडणे आणि मरणे यांच्यामध्ये तिने अंतर निर्माण केले. माझ्या मते या प्रकारातील मृत्यूचा सारा कलाविचार या अंतरात सामावलेला आहे.

भासाच्या नावावर असलेले ‘ऊरुभंग’ हे नाटक या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये हा संस्कृत नाट्याचा रूढ संकेत; त्याला हे नाटक ठळक अपवाद आहे. मांड्या मोडलेला दुर्योधन पडला आहे, पण मेलेला नाही. आंधळा पिता, डोळ्यांवर पट्टी बांधलेली माता, स्त्रिया आणि मांडीवर बसू पाहणारा लहानगा दुर्जय त्याच्याजवळ येतात. पराभव गदायुद्धात होऊन गेला आहे. नाट्य आहे ते पडल्यानंतरच्या अवधीत. तेथे दुर्योधन काय बोलतो, यावरून त्याची उंची ठरते.

आता ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीकडे पाहावे. येथे पडलेल्या पात्राचा खेळाडू आपल्या प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतो. दहा किंवा अधिक आले तर यश, कमी आले तर अपयश. तीन यशे झाली तर जीव स्थिरावतो, तीन अपयशांनी मृत्यू येतो. एक पडला तर दोन अपयशे धरतात. वीस पडले तर पात्र शुद्धीवर येते. या योजनेत उत्कंठा खचितच आहे. सारे टेबल श्वास रोखून त्या फाशाकडे पाहते आणि सोबत्यांना धावून जाण्यास अवसर मिळतो. परंतु ज्याचे मरण चालले आहे त्याला या अवधीत करण्यासारखे काहीच नाही. तो बोलू शकत नाही, काही निवडू शकत नाही. स्वतःच्या मृत्यूचा तो केवळ कारकून होतो. त्यातून मृत्यू आलाच, तर एका मिनिटाच्या आत तीनशे सुवर्णनाण्यांचे हिरे खर्चून मंत्राने त्याला उठविता येते. मृत्यूला किंमत असावी हे खरे. पण ती सराफाच्या दुकानात मोजता येईल अशी झाली की शोकाला जागा उरत नाही. १९७८ चा नियम याहून गंभीर होता. त्यात प्रत्येक पुनरुज्जीवनाने पात्राची मूळ प्रकृती एका अंकाने कायमची खालावे. परतणाऱ्याने काही गमावलेच पाहिजे, ही जाण त्यात होती.

यावर असा आक्षेप येईल की, खऱ्या जगातला मृत्यू तरी कोठे अर्थपूर्ण असतो? फासा आंधळा आहे, तसाच काळही आंधळा आहे. मृत्यू खेळाडूच्या इच्छेवर सोपविला तर भय संपेल आणि भयाबरोबर शौर्यही. या आक्षेपात तथ्य आहे. संमतीवाचून कोणी मरत नाही अशा कथेत पराक्रम हा नुसता देखावा होतो. पण आंधळा फासा आणि मुका मरणारा यांपलीकडेही मार्ग आहेत.

२००५ सालच्या ‘ड्रेड’ या भयखेळात फासे नाहीतच. टेबलावर लाकडी ठोकळ्यांचा ‘जेंगा’ मनोरा असतो. संकटाच्या कृतीसाठी खेळाडूने एक ठोकळा ओढावयाचा. ज्याच्या हातून मनोरा कोसळेल त्याचे पात्र कथेतून जाते. ओढण्यास नकार दिला तर कृती फसते, पण जीव वाचतो. आणि खेळाडूने मनोरा जाणूनबुजून ढकलला तर पात्र जाते, पण जाताना आपले कार्य साधून जाते. येथे भय हाताच्या कंपात प्रत्यक्ष उतरते, आणि बलिदानाला नियमातच स्थान आहे.

स्टीफन ड्यूई यांचा २०१५ चा ‘टेन कँडल्स’ याही पुढे जातो. काळोख्या खोलीत दहा मेणबत्त्या लावून खेळ सुरू होतो. त्या एकेक विझत जातात, आणि अखेरच्या प्रसंगात सर्वांना मृत्यू येणार हे प्रत्येकाला आरंभापासूनच ठाऊक असते. आरंभी प्रत्येकाने आपल्या पात्राच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेला निरोप सर्व संपल्यावर अंधारात ऐकवला जातो. म्हणजे पडणे आणि मरणे यांमधले अंतर संपूर्ण खेळाएवढे होते. जगण्याची आशा काढून घेतली असल्याने काय करीत मरावे, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो प्रत्येक खेळाडूला स्वतःच सोडवावा लागतो.

मृत्यूचा नियम कठोर आहे की सौम्य, यावर खेळाडूंमध्ये पुष्कळ वाद चालतात. मला तो प्रश्न गौण वाटतो. पडलेल्याला बोलावयास किती अवकाश दिला, आणि त्याचे बोलणे ऐकण्याची सोबत्यांवर किती जबाबदारी टाकली, या दोन गोष्टींवर नियमाची परीक्षा व्हावी. त्या कसोटीला सर्वांत लोकप्रिय खेळाचा नियम अपुरा पडतो. त्याने अवधी निर्माण केला, पण तो रिकामा ठेवला. चांगले सूत्रधार आपल्या बुद्धीने तो भरून काढीत असतील. तथापि जे सूत्रधाराच्या मर्जीवर राहते त्याचे श्रेय नियमाला देता येत नाही.