संगीत रंगप्रयोगाचे चित्रण : पात्रता आणि गुणवत्ता

१

१८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' हा मूकपट दाखविण्यात आला. त्यानंतर एक वर्षाच्या आत, ३ मे १९१३ रोजी, त्याच चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासाने प्रारंभबिंदू म्हणून दुसरी तारीख स्वीकारली आणि २०१३ मधील शताब्दीही तिच्याच आधारे साजरी झाली. 'पुंडलिक'ला हा मान नाकारताना सामान्यतः तीन कारणे पुढे केली जातात. त्याचा छायालेखक इंग्रज होता. त्याच्या फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली. आणि तो रामराव कीर्तिकर यांच्या नाटकाचा चित्रित केलेला प्रयोग होता. यांपैकी पहिली दोन कारणे राष्ट्रीयत्वाची आहेत. तिसरे कारण मात्र कलामाध्यमाच्या स्वरूपाशी निगडित आहे आणि म्हणूनच ते अधिक गंभीर आहे. नाटकासमोर कॅमेरा ठेवून जे हाती येते, ते चित्रपट या संज्ञेस पात्र ठरते काय, असा हा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ आद्यत्वाच्या वादापुरता उरलेला नाही. संगीत नाटकाच्या प्रयोगाचे चित्रण झाले, ते चित्रपटगृहातून वा दूरचित्रवाणीवरून प्रेक्षकांपर्यंत पोहोचले, तर चित्रपटविषयक पुरस्कारांसाठी त्याचा विचार व्हावा की नाही, हा आजचा प्रश्न त्याचाच वंशज आहे. मराठीपुरते बोलायचे तर या प्रश्नाला विशेष धार आहे. कारण संगीत नाटक हा मराठी रंगभूमीचा केवळ एक प्रकार नसून दीर्घकाळ तिचा मुख्य प्रवाह राहिलेला आहे.

२

चित्रित नाटक हे चित्रपटाच्या शुद्ध रूपाहून वेगळे व हीन, ही भूमिका इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ज्या 'राजा हरिश्चंद्र'ला चित्रपट म्हणून निःशंकपणे मान्यता मिळाली, त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. हा संकेत रंगभूमीवरूनच आला होता. पुढे बोलपट आला तेव्हा तो रंगभूमीच्या अंगणातूनच चालत आला. १९३१ मधील 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटामागे जोसेफ डेव्हिड यांचे पारशी रंगभूमीवरील नाटक होते. १९३२ मध्ये मादन थिएटर्सने काढलेल्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास गाणी होती. त्याच वर्षी 'प्रभात'ने काढलेल्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका करणारे आणि त्याला संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे १९११ मधील 'संगीत मानापमान'च्या चालींचे कर्ते होते. मराठी बोलपटाचा पहिला सूर हा असा नाट्यपदाच्या परंपरेतून निघालेला आहे.

दक्षिणेतही हेच घडले. १९३४ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांनी दिग्दर्शित केलेला 'पवळक्कोडी' हा तमिळ बोलपट रंगभूमीवर गाजलेल्या संगीत नाटकावर आधारलेला होता आणि नाटकातील एम. के. त्यागराज भागवतर व एस. डी. सुब्बुलक्ष्मी ही जोडीच पडद्यावर आली होती. हे सर्व चित्रपटांच्या इतिहासात चित्रपट म्हणूनच नोंदले गेले आहेत. उगमाच्या आधारे अपात्रता ठरवायची झाली, तर या इतिहासाची पहिली दोन दशके जवळजवळ संपूर्णपणे वगळावी लागतील.

३

तथापि विरोधी पक्षाचे म्हणणे इतक्या सहजासहजी निकालात काढता येण्यासारखे नाही. त्याचे सबळ रूप असे आहे : चित्रपटात काय पाहायचे हे कॅमेरा ठरवितो, नाटकात ते प्रेक्षक ठरवितो. प्रयोगाचे चित्रण करणारा प्रेक्षकाचे हे स्वातंत्र्य काढून घेतो. पण त्याच्या मोबदल्यात दिग्दर्शकाची स्वतंत्र दृष्टी देतोच असे नाही. परिणामी जे तयार होते ते धड नाटकही नसते आणि धड चित्रपटही नसतो. ती एका कलाकृतीची नोंद असते. आणि नोंदीला कलाकृतीचा मान देणे हे त्या कलेतील खऱ्या निर्मात्यांवर अन्याय करणारे आहे.

संगीत नाटकाच्या बाबतीत या आक्षेपाला आणखी एक पदर आहे, तो काळाचा. गद्य नाटकातील प्रसंगाची लांबी बहुतांशी संहितेने ठरलेली असते. संगीत नाटकातील पद मात्र गायक-नटाच्या त्या रात्रीच्या मनःस्थितीवर आणि समोरच्या रसिकांच्या प्रतिसादावर लांबते वा आखडते. आलाप वाढतो, तान नव्याने सुचते, 'वन्स मोअर' येतो आणि कथानकाचा काळ थांबवून सुरांचा काळ सुरू होतो. चित्रफितीत हा काळ एकदाच आणि कायमचा गोठतो. ज्याचे सारे चैतन्य पुनरावृत्तीतील वेगळेपणात आहे, त्याची एकच आवृत्ती अंतिम ठरते.

हा आक्षेप खरा आहे, परंतु त्यातून अपात्रता सिद्ध होत नाही. ग्रामोफोनच्या तबकडीनेही हेच केले. रंगभूमीवर बराच वेळ रंगणारे पद सुमारे तीन मिनिटांत बसविले गेले, त्यातील विस्तार गेला, प्रतिसाद गेला. तरीही त्या तबकड्यांना कोणी 'संगीत नव्हे' असे म्हटलेले नाही. उलट तीन मिनिटांच्या मर्यादेत गायकाने कोणती निवड केली, हाच त्यांच्या रसग्रहणाचा विषय झाला. माध्यमाने घातलेली मर्यादा आणि त्या मर्यादेत केलेली निवड यांचा शोध घेणे हेच समीक्षेचे काम आहे. चित्रित संगीत नाटकालाही हीच कसोटी लावता येते. चित्रणासाठी कोणती रात्र निवडली, 'वन्स मोअर' ठेवला की कापला, गायकाच्या चेहऱ्यावर थांबले की साथीच्या ऑर्गनकडे वळले, प्रेक्षागृहाचे अस्तित्व मान्य केले की पुसून टाकले, या सर्व निवडी आहेत आणि निवड आली की निर्मिती आली. निवड चुकलेली असू शकते. पण चुकलेली निर्मिती म्हणजे निर्मितीचा अभाव नव्हे.

४

मराठीतील तीन उदाहरणे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

पहिले 'साध्वी मीराबाई'चे. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्वांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. त्यानंतर १९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली आलेल्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले. त्याला आधार वसंत शांताराम देसाई यांच्या 'अमृतसिद्धी' या नाटकाचा होता. बालगंधर्व तेव्हा पन्नाशीकडे झुकलेले होते. रंगभूमीवर नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जे अंतर असते, त्या अंतरावरच स्त्रीभूमिकेचा संकेत उभा असतो. सूर, पदन्यास आणि वस्त्राची चुणी मिळून जी स्त्री उभी राहते, ती प्रेक्षकाच्या संमतीने उभी राहते. कॅमेरा ही संमती विचारीत नाही. तो अंतरच नाहीसे करतो. रंगभूमीवरील यश या चित्रपटाच्या वाट्याला आले नाही याचे एक मर्म येथे सापडते. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे, की हा दोष सांगता येतो तो या कृतीकडे चित्रपट म्हणून पाहिले म्हणूनच. ती केवळ नोंद आहे असे म्हणून बाजूला सारले असते, तर संकेत आणि माध्यम यांच्यातील हा विरोध दृष्टोत्पत्तीसच आला नसता.

दुसरे उदाहरण 'घाशीराम कोतवाल'चे. विजय तेंडुलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली झाला. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि ब्राह्मणांच्या रांगेतून सिद्ध होणारी मानवी भिंत ही त्याची दोन प्रमुख अंगे होती. १९७६ मध्ये 'युक्त' या चित्रपट सहकारी संस्थेतील तरुणांनी त्यावरून चित्रपट केला. पुण्याच्या चित्रपटसंस्थेत शिकलेले आणि पुढे चेन्नईत तमिळ चित्रपट व चित्रपटशिक्षण यांत नाव मिळविलेले के. हरिहरन, तसेच मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांचा या सामूहिक दिग्दर्शनात सहभाग होता. नाना फडणवीसांची भूमिका नाटकाप्रमाणेच मोहन आगाशे यांनी केली. घाशीराम मात्र ओम पुरी झाले. मराठी न जाणणाऱ्या किंवा मराठी नाट्यपरंपरेबाहेरून आलेल्या दिग्दर्शकांनी मराठी रंगभूमीच्या रचनेकडे परक्या नजरेने पाहिले आणि त्या परकेपणाचा त्यांना लाभच झाला. नाटक लपविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. समूहाची शैलीबद्ध हालचाल, गाणे आणि निवेदन यांना त्यांनी दीर्घ दृश्यखंडांत वावरू दिले. नाटकीपणा येथे चित्रपटाचा दोष न राहता त्याचा विषय झाला आहे.

तिसरे उदाहरण 'कट्यार काळजात घुसली'चे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे, जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने नटलेले हे १९६७ मधील नाटक २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी पडद्यावर आणले. येथे जुन्या पदांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली, कथेचा विस्तार बदलला, रंगमंच पूर्णतः विरघळला. यास रूपांतर म्हणावे आणि रूपांतराविषयी चित्रपटपुरस्कारांना कधीच अडचण नव्हती. या चित्रपटातील गायनासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

५

पुरस्कारांच्या रचनेतील एक विलक्षण विसंगती नेमकी येथेच उघड होते. २०११ मध्ये आलेल्या 'बालगंधर्व' या चित्रपटात पडद्यावर सुबोध भावे आहेत आणि नाट्यपदांमागील आवाज आनंद भाटे यांचा आहे. त्या गायनासाठी भाटे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो यथोचितच होता. परंतु तेच पद एखाद्या गायक-नटाने रंगमंचावर स्वतः उभे राहून, स्वतःच्या देहाने अभिनय करीत, स्वतःच्या कंठाने गायिले आणि त्याचे उत्तम चित्रण झाले, तर त्याला 'पार्श्वगायन' म्हणताच येणार नाही. म्हणजे आवाज आणि देह वेगळे केले की नाट्यसंगीत गौरवास पात्र होते. ते एकत्र राहिले की त्याला बसायला जागा उरत नाही. गायक आणि नट एकाच देहात असणे हाच ज्या कलेचा प्राण, त्या कलेने पुरस्कारापर्यंत पोहोचण्यासाठी आपला प्राण बाहेर ठेवून यावे, अशी ही व्यवस्था आहे. संगीत नाटक अकादमीचे पुरस्कार व्यक्तींच्या कार्याचा गौरव करतात, एखाद्या चित्रकृतीचा नव्हे. त्यामुळे चित्रित संगीत नाटक दोन्ही दारांच्या मध्ये उभे राहते.

ही अडचण केवळ भारतातील नाही. अमेरिकेतील ऑस्कर पुरस्कारांसाठी १९६५ च्या 'ऑथेल्लो'तील चार कलावंतांना नामांकने मिळाली होती; तो चित्रपट लंडनच्या नॅशनल थिएटरमधील नाट्यनिर्मितीवरून तिच्या मांडणीशी बरेचसे प्रामाणिक राहून केलेला होता. १९७५ मध्ये जेम्स व्हिटमोर यांना तर चित्रित केलेल्या एकपात्री रंगप्रयोगासाठी अभिनयाचे नामांकन लाभले. पुढे नियम बदलला. २०१६ मध्ये प्रेक्षकांसमोर चित्रित झालेले आणि २०२० मध्ये प्रदर्शित झालेले 'हॅमिल्टन' हे संगीत नाटक, रंगप्रयोगांची चित्रमुद्रणे पात्र नाहीत या नियमामुळे ऑस्करच्या स्पर्धेबाहेर राहिले. तेच गोल्डन ग्लोबच्या नामांकनांत चित्रपट म्हणून आले आणि दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांत 'विशेष कार्यक्रम' म्हणून विजयी ठरले. एकाच कृतीची ही तीन नावे पाहिली, की वर्गीकरण हे कृतीच्या स्वरूपापेक्षा संस्थांच्या सोयीवर किती अवलंबून असते, ते कळून येते.

या गोंधळाचे मूळ पात्रता आणि गुणवत्ता यांची गल्लत होण्यात आहे. चित्रपट म्हणून मोजणे ही एक गोष्ट आणि चित्रपट म्हणून गौरविणे ही दुसरी. पहिली व्यापक असावी, दुसरी कठोर. चित्रित संगीत नाटकाला स्पर्धेत प्रवेश द्यावा. परंतु छायालेखन, संकलन, ध्वनी आणि दिग्दर्शन यांचे मूल्यमापन करताना मूळ प्रयोगाच्या थोरवीचा एक गुणही उसना देऊ नये. थोर नाटकाचे सामान्य चित्रण हे सामान्य चित्रपट म्हणूनच पराभूत व्हावे. त्याच वेळी गायक-नटाच्या एकसंध आविष्कारासाठी अभिनयाच्या विभागात स्पष्ट जागा असावी आणि 'पार्श्व' या उपसर्गाने तिला अडवू नये. प्रवेशद्वारावरच नियमाची पाटी लावली, की परीक्षकांचे काम सोपे होते हे खरे. पण समीक्षेची जागा त्या वेळी वर्गीकरण घेते.

नियमाच्या या पाटीची किंमतही लहान नाही. ज्याला पुरस्काराच्या यादीत नाव नाही, त्याला निर्माता मिळणे कठीण असते. आणि निर्माता नसेल तर चित्रण होते ते एका कोपऱ्यात ठेवलेल्या कॅमेऱ्याने, कार्यालयीन दप्तरासाठी. मग 'ही केवळ नोंद आहे' हा आक्षेप आपोआप खरा ठरतो. तंजावरच्या भोसले दरबारात शहाजीराजांनी रचलेली मराठी नाटके सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखितांमुळे आज वाचता येतात. ती कोणत्या सुरात, कोणत्या चालीने गायिली गेली, नट कसे उभे राहिले, हे मात्र त्या पोथ्या सांगू शकत नाहीत. तेव्हा कॅमेरा नव्हता, म्हणून त्या काळाला दोष देता येत नाही. विसाव्या शतकाजवळ कॅमेरा होता. तरीही बालगंधर्वांचा मीरेचा आविष्कार एका फसलेल्या प्रयत्नापुरता पडद्यावर आला. एकविसाव्या शतकातील गायक-नटांबाबतही तसेच घडले, तर त्याचे उत्तर साधनांच्या अभावात शोधता येणार नाही. ते पुरस्कारांच्या नियमावलीत शोधावे लागेल.