जलविद्युत्-निर्मितीचे पूर्वानुमान : एका रूढ पद्धतीची समीक्षा

हवामान बदलत असता जलविद्युत्केंद्रांचे भावी उत्पादन किती राहील, हे ठरविण्याची एक पद्धत आता रूढ झाली आहे. हवामानाच्या गणिती प्रतिमानांतून भावी पर्जन्य घ्यावयाचा, त्यावरून नदीचा प्रवाह काढावयाचा आणि त्यास पाण्याच्या पतनाची उंची व यंत्रांची कार्यक्षमता यांनी गुणून विजेचा आकडा मांडावयाचा, असा तिचा क्रम आहे. जे केंद्र वाहत्या नदीवरच उभे आहे, त्याच्या बाबतीत ही पद्धत बव्हंशी उपयोगी पडते. सह्याद्रीतील साठवणीच्या केंद्रांना ती जशीच्या तशी लावली असता मात्र तिच्या उणिवा उघड होतात. कुंडलिकेच्या खोऱ्याच्या माथ्याशी असलेले भिरा येथील केंद्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

पहिला आक्षेप पर्जन्याच्या स्थानासंबंधी आहे. १९२७ साली सुरू झालेले हे केंद्र कोकणात असले, तरी त्याचे पाणी कोकणातील नव्हे. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशी येथे अडविलेले, मूळचे भीमेकडे जाणारे पाणी पश्चिमेस वळवून सुमारे ५०० मीटर खाली आणले जाते. पेण तालुक्यातील जिते येथे किंवा खुद्द रोह्यास पडलेल्या पावसाचा या उत्पादनाशी प्रत्यक्ष संबंध नाही. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे काही किलोमीटरांतच पर्जन्य झपाट्याने घटतो. उलट जागतिक प्रतिमानाची एक चौकट सामान्यतः १०० किलोमीटरांच्या आसपास असते. जिते आणि मुळशी ही दोन्ही ठिकाणे एकाच चौकटीत येऊ शकतात. अशा चौकटीची सरासरी ना कोकणाचा पाऊस सांगते, ना धरणाचा.

दुसरा आक्षेप गुणाकारासंबंधी आहे. एक घनमीटर पाणी ५०० मीटर पडले व कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर सुमारे १.१६ युनिट वीज मिळते. म्हणजे एक अब्ज घनफूट पाण्यामागे सुमारे ३.३ कोटी युनिट. हे गणित निर्दोष आहे. परंतु ते यंत्रांतून गेलेल्या पाण्यालाच लागू पडते. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखविले. धरण भरलेले असता कोसळलेला पाऊस सांडव्यावरून मुळेत जातो. त्यापासून एक युनिटही मिळत नाही. म्हणून वार्षिक पर्जन्य वाढूनही उत्पादन वाढणार नाही, अशी वर्षे संभवतात. शिवाय भिरा येथे १५० मेगावॅटचा उदंचन-संच आहे. खालचे पाणी पुन्हा वर चढवून त्याने केलेली वीज पर्जन्याच्या खाती मांडणे ही उघड चूक ठरते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हे पाणी किती वळवावे, हे केवळ निसर्ग ठरवीत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या १९७६ च्या निवाड्याने टाटांच्या जलविद्युत्-योजनांस एका जलवर्षात ५४.५ अब्ज घनफूट आणि सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. पाच वर्षांची सरासरी यावरून ४२.४ अब्ज घनफूट येते. सलग ओल्या वर्षांचे भाकीत करणाऱ्या प्रतिमानास ही मर्यादा ठाऊक नसेल, तर ते कायद्याने अशक्य अशी वीज कागदावर निर्माण करील. दुष्काळी वर्षांत हेच पाणी पूर्वेकडे सोडावे, ही भीमा खोऱ्यातील मागणीही लक्षात घ्यावी लागते.

या उणिवांचे परिणाम केवळ शास्त्रीय नाहीत. वीज निर्माण झाल्यावर हे पाणी कुंडलिकेत उतरते व डोलवहाल बंधाऱ्यावरून कालव्यांत जाते. पावसाळ्यानंतर या नदीस जे पाणी असते, ते मुख्यतः हेच. म्हणजे भिऱ्याच्या उत्पादनाचे अनुमान हे रोहे भागातील शेती, कारखाने व पिण्याचे पाणी यांचेही अनुमान होय. वार्षिक टक्केवारी सांगणारा एकच आकडा त्यांच्या उपयोगाचा नाही. जून लांबला तर एप्रिल-मेमध्ये किती पाणी निश्चितपणे खाली येईल, हा त्यांचा प्रश्न आहे.

तात्पर्य, हवामानाची प्रतिमाने टाकाऊ नाहीत. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न अपुरा आहे. घाटमाथ्यावरील दैनंदिन पर्जन्य, धरणाचा साठा व सांडवा, लवादाची मर्यादा आणि विजेची मागणी यांचा एकत्र हिशेब मांडून प्रत्येक महिन्याची खात्रीची निर्मिती, तिच्या अनिश्चिततेसह, सांगणे हे पूर्वानुमानाचे खरे कार्य आहे. तोवर अशा अभ्यासांचे निष्कर्ष पर्जन्याविषयीचे समजावेत, विजेविषयीचे नव्हेत.