स्वातंत्र्याचा 'प्रकल्प' आणि त्याचे प्रदर्शन

२०२२ साली न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश व श्रीलंका ह्या देशांतील १९४७ ते १९८५ ह्या कालखंडातील वास्तुकलेचे प्रदर्शन भरले होते. अच्युत कानविंदे, बाळकृष्ण दोशी, मुझहरुल इस्लाम, मिनेट डि सिल्वा, यास्मीन लारी ह्यांच्या कृती एकत्र मांडल्या जाव्यात, ही घटना लहान नव्हे. ज्या देशांतील विद्वानांना एकमेकांच्या सीमा सहजासहजी ओलांडता येत नाहीत, त्यांच्या वास्तू तेथे शेजारी बसल्या.

प्रदर्शनाचे शीर्षक होते 'द प्रॉजेक्ट ऑफ इंडिपेंडन्स'. भाषांतरकाराच्या सवयीने मी प्रथम तेथेच अडखळलो. 'प्रॉजेक्ट' म्हणजे प्रकल्प. परंतु मराठीत ह्या शब्दाच्या पाठोपाठ 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द येतो. इंग्रजी शीर्षकावर ती छाया पडत नाही. चंडीगढ वसविताना तेथील गावे उठविण्यात आली, हे काँक्रीटच्या रेखीव छायाचित्रांतून कसे दिसावे?

तथापि ह्या गौरवाची खरी कसोटी दिल्लीच्या प्रगती मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' ही वास्तू होय. वास्तुशिल्पी राज रेवल व अभियंते महेंद्र राज ह्यांनी ती १९७२ च्या आंतरराष्ट्रीय व्यापारमेळ्यासाठी उभी केली. पोलाद महाग व दुर्मीळ, मजुरांचे हात मात्र मुबलक. म्हणून अन्यत्र पोलादात जोडला जाणारा त्रिमितीय सांगाडा येथे काँक्रीटमध्ये, जागच्या जागी ओतला गेला. आतील विस्तीर्ण दालनात एकही खांब नव्हता. आपली ही वास्तुकला म्हणजे पाश्चात्त्यांची उसनवारी, असे म्हणणाऱ्यांनी हा सांगाडा नीट वाचलाच नाही, असे मला वाटते. उणीव झाकण्याऐवजी तिच्यातूनच रूप घडविण्याची धिटाई उसनी आणता येत नाही.

ती वास्तू एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आली आणि पाच वर्षांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तिला स्थान मिळाले. मूळ संहिता जाळून भाषांतराचा सत्कार करावा, तसा हा प्रकार. ह्यात प्रदर्शनकर्त्यांचा दोष नाही. त्यांनी निदान स्मृती तरी राखली. दोष आपल्या कालगणनेचा आहे. दिल्लीच्या वारसा समितीने, साठ वर्षे पूर्ण झालेल्या वास्तूंचाच विचार करता येईल, असे ठरविले होते. ह्या हिशेबाने १९५७ नंतर उभी राहिलेली कोणतीही इमारत त्या वर्षी वारसा ठरू शकत नव्हती. आणि त्या प्रदर्शनातील कितीतरी कृती १९५७ नंतरच्याच होत्या.