दात मोजायचे की मूल?

वर्गात एखादे मूल गालाला हात लावून बसते. विचारले तर म्हणते, "दाढ दुखतेय." घरी निरोप धाडला, तर बहुधा उत्तर येते, "दुधाचीच दाढ आहे, पडेल आपोआप." हे उत्तर निष्काळजीपणाचे आहे असे म्हणून आपण शिक्षक मंडळी मोकळी होतो. पण नेमक्या याच प्रश्नावर दंतवैद्यकातही वाद आहे. किडलेला दुधाचा दात भरल्याने मुलाचे दुखणे खरोखर टळते का? हे पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. वरवर वाचले तर ते निष्कर्ष "पडेल आपोआप" म्हणणाऱ्यांच्या बाजूचे वाटतात. तसे ते आहेत का, हे आम्हाला येथे तपासायचे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लात दाताच्या वरच्या कठीण थरातील, म्हणजे इनॅमलमधील, खनिजे विरघळतात. कीड त्याखालच्या डेंटिनमध्ये शिरली की ती आतील नसेकडे सरकू लागते, आणि नसेपर्यंत पोचली की ठणका व गळू सुरू होते. दुधाच्या दाढा साधारण नवव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ "आपोआप पडायला" पाच ते आठ वर्षे लागतील. प्रश्न एवढाच, की या वर्षांत ती दुखेल की न दुखता निघून जाईल?

वाद पेटला तो उत्तर इंग्लंडमधील एका अभ्यासामुळे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४८१ मुलांच्या न भरलेल्या १५८७ किडक्या दुधाच्या दातांचे पुढे काय झाले, हे दंतवैद्यांच्या जुन्या नोंदींवरून शोधले होते. बहुसंख्य दात न दुखताच पडून गेले होते. मग भरायचे कशाला?

येथे पहिली हरकत घ्यावी लागते. जुन्या नोंदींत जे लिहिले गेले तेवढेच सापडते. रात्री रडलेले आणि सकाळी शांत झालेले मूल दवाखान्यात आलेच नाही, तर त्याचे दुखणे नोंदीत येत नाही. पण दुसरी हरकत अधिक महत्त्वाची आहे. या अभ्यासाने मोजले ते दात. दुखते मात्र मुलाला.

फरक किती पडतो, हे सोप्या गणिताने पाहता येईल. समजा, एक किडका दात दुखण्याची शक्यता पाचांत एक आहे. पाचांपैकी चार दात शांतपणे पडतील, तेव्हा काळजीचे कारण नाही असे वाटेल. आता ४८१ मुलांत १५८७ दात, म्हणजे दर मुलामागे सरासरी तीनांहून जास्त किडके दात होतात. तीन दात असलेल्या मुलाचा एकही दात न दुखण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१. म्हणजेच जवळजवळ निम्म्या मुलांना केव्हा ना केव्हा दुखणारच! एकाच तोंडातले दात एकमेकांपासून अगदी स्वतंत्र नसतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल. तरीही "बहुतेक दात दुखत नाहीत" आणि "पुष्कळ मुलांना दुखते" ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. विद्यार्थ्यांना संभाव्यता शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

दुसरा अभ्यास स्कॉटलंडमधला. तेथील नॉर्ना हॉल या दंतवैद्या किडलेल्या दुधाच्या दाढेतील कीड न कोरता, भूल न देता, दाढ न घासता तिच्यावर धातूची तयार टोपी सिमेंटने घट्ट बसवत असत. पारंपरिक शिकवणुकीला हे धरून नव्हते. पण त्यामागे विचार आहे. आत कोंडलेल्या जंतूंना बाहेरून साखर मिळेनाशी झाली की कीड पुढे सरकणे थांबते. निकोला इन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३२ मुलांवर या पद्धतीची चाचणी घेतली. प्रत्येक मुलाच्या सारख्याच किडलेल्या दोन दाढा निवडल्या. एका दाढेवर टोपी बसवली आणि दुसरी दंतवैद्याच्या नेहमीच्या पद्धतीने भरली. कोणत्या दाढेला काय, हे नशिबावर सोडले. पाच वर्षांचे निकाल २०११ साली आले. ज्या ९१ मुलांची पुरेशी माहिती मिळाली, त्यांत टोपी घातलेल्या ३ दाढांना गळू वा नस मरणे यांसारखा गंभीर त्रास झाला, तर नेहमीच्या पद्धतीने भरलेल्या १५ दाढांना.

हा निकाल ठळक आहे आणि प्रयोगाची रचनाही चांगली आहे. दोन्ही दाढा एकाच तोंडात असल्याने खाणे, घासणे, पाणी, सारे समान राहते. पण या रचनेची मर्यादाही तीच आहे. मूल रात्री उठून रडले तर ते एकाच वेळी दोन्ही गटांत असते! टोपीमुळे त्या दाढेचे भले झाले, एवढे कळते. मुलाच्या किती रात्री वाचल्या, हे कळत नाही.

२०२० सालचा प्रयोग म्हणूनच महत्त्वाचा. येथेही इन्स अग्रभागी होत्या. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील ७२ दवाखान्यांत ३ ते ७ वर्षांची ११४४ मुले निवडली. सर्वांच्या दुधाच्या दाढांत डेंटिनपर्यंत कीड होती, पण निवडीच्या वेळी कोणाचा दात दुखत नव्हता की गळू नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटात कीड कोरून दात भरले. दुसऱ्यात कीड आतच बंद केली. तिसऱ्यात दात न भरता केवळ प्रतिबंधक उपाय केले. हे प्रतिबंधक उपाय, म्हणजे फ्लोराइडयुक्त पेस्टने घासणे, फ्लोराइडचा लेप, आहाराचा सल्ला इत्यादी, पहिल्या दोन गटांनाही होते. मुलांवर तीन वर्षांपर्यंत लक्ष ठेवले आणि मोजले ते मूल: त्याला या काळात दातदुखी किंवा गळू झाले की नाही?

पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात ४० टक्के आणि तिसऱ्यात ४५ टक्के मुलांना झाले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक सिद्ध होत नाही.

येथेच वाचकाचा पाय घसरतो. "फरक सिद्ध झाला नाही" आणि "फरक नाही हे सिद्ध झाले" ही दोन वेगळी विधाने आहेत. हा प्रयोग एक पद्धत दुसरीपेक्षा सरस आहे का, हे शोधण्यासाठी रचला होता. सर्व पद्धती सारख्याच आहेत हे दाखवण्यासाठी नव्हे. संशोधकांनी तिसऱ्या आणि पहिल्या गटांतील फरकाची मर्यादाही दिली आहे. खरा फरक, न भरलेल्यांना ४ टक्क्यांनी कमी त्रास इथपासून १२ टक्क्यांनी जास्त त्रास इथपर्यंत कोठेही असू शकतो. बारा टक्के म्हणजे कीड लागलेल्या ५० मुलांमागे ६ मुले. इतका फरक या प्रयोगाच्या नजरेतून निसटला असण्याची शक्यता उरते. तेव्हा "भरले काय नि न भरले काय" असे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही.

मग टोपीचा ठळक फायदा येथे का दिसला नाही? आमच्या मते उत्तर पुन्हा मोजण्याच्या एककात आहे. एका दाढेवरची टोपी ती दाढ वाचवते. पण मुलाच्या तोंडात इतर किडके दात असतात, नवे किडत असतात. त्यांपैकी एक जरी दुखला तरी मूल "दुखले" या रकान्यात जाते. म्हणून आम्हाला या प्रयोगातील सर्वांत बोलका आकडा तीन गटांतील फरकाचा वाटत नाही. सर्व गटांत ४० टक्के वा त्याहून जास्त मुलांना दुखले, हा तो आकडा. प्रशिक्षित दंतवैद्य, नियमित तपासणी आणि प्रतिबंधक उपाय असूनही! कीड डेंटिनपर्यंत गेल्यावर धावपळ करून फारसे हाती लागत नाही. पहिला दात उगवल्यापासून सुरुवात करायला हवी.

राहिला आपला प्रश्न. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत मुलांच्या दातांवर मोफत उपचार होतात, आणि प्रयोगातील मुले दवाखान्यात येणारी होती. भारतात २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षे वयाच्या ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. त्यांतील ज्या मुलाने दंतवैद्याची खुर्ची कधी पाहिलीच नाही, ते या प्रयोगाच्या तिसऱ्या गटात बसत नाही. तिसऱ्या गटातील मुलांना लेप मिळत होता, सल्ला मिळत होता आणि दुखले तर उपचारही मिळत होते. "पडेल आपोआप" म्हणून सोडून दिलेले मूल हा चौथा गट आहे. त्याची चाचणी कोणी घेतलेली नाही आणि जाणूनबुजून कोणी घेऊही नये.

म्हणून पालकांना सांगताना संशोधनाचा आधार नेमका घ्यावा. प्रत्येक किडका दुधाचा दात कोरून भरलाच पाहिजे, असे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. कीड न कोरता बंद करणे हाही पर्याय आहे, आणि त्यात भूल व कोरणे टळत असल्याने लहान मुलाला तो सोपा जातो. पण दंतवैद्याने पाहून "थांबू या" म्हणणे वेगळे आणि कोणी न पाहताच थांबणे वेगळे. आणि गाल सुजला असेल, हिरडीवर फोड असेल, ताप असेल, तर तेथे यातला कोणताच वाद लागू नाही. या प्रयोगात तशी मुले घेतलीच नव्हती. त्या मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे.

"संशोधनाने सिद्ध झाले आहे" असे वाक्य पुढे कधी वाचनात आले, तर वरच्या वर्गातील मुलांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. काय मोजले? कोणाची तुलना कोणाशी केली? आणि फरक दिसला नाही, की नाहीच? हे तीन प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. गालाला हात लावून बसलेल्या मुलाकडे पाहून प्रश्न विचारला, की पहिल्याचे उत्तर चुकत नाही.