ताटावरची नजर, विळीवरचा विषाणू

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्रींत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. भारतातली ही पहिलीच नोंद. नवापूर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारमध्ये आहे. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत परसातल्या कोंबड्यांनाही लागण झाली.

तेव्हा लोकांपुढे दोन संदेश आले. रेल्वेने गाड्यांतील जेवणातून कोंबडी काढून टाकली. उलट, ७० अंश सेल्सिअसला शिजवलेली कोंबडी निर्धोक असते असे सांगत काहींनी ती चारचौघांत खाऊन दाखवली. पहिला संदेश भीतीपोटी होता. दुसरा शास्त्राला धरून होता, पण आमच्या मते अपुरा होता. दोन्हींची नजर ताटावरच होती.

खरा धोका शिजवण्याआधी असतो. आजारी कोंबडी कापताना, पिसे उपटताना, आतडी काढताना विषाणू हाताला लागतो आणि हात नाकाडोळ्यांकडे जातो. इतर देशांत माणसांना झालेली लागण बहुतांशी आजारी वा मेलेल्या पक्ष्यांच्या निकट संपर्कातूनच झाली. सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्याची भरपाई मिळते, आधीच मेलेल्याची नाही. मग मरायला टेकलेली कोंबडी गरीब घरात कापली जाते, यात नवल नाही. त्या घराला अडाणी म्हणणे सोपे. उपयोगाचे सांगणे अवघड.

शिवाय घरात तापमापक नसतो. 'हाडाजवळचे मांस गुलाबी राहू नये, अंड्याचा बलक घट्ट व्हावा' हे मात्र कोणालाही समजते. त्याला जोडूनच सांगायला हवे: आजारी पक्षी कापू नये, कच्च्या मांसाची विळी धुतल्याशिवाय तिच्यावर कांदा-काकडी चिरू नये, हात साबणाने धुवावेत, कारण विषाणूचे मेदयुक्त आवरण साबणाने फुटते. फ्रीजच्या थंडीत मात्र तो मरत नाही.

२०२१ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू पुन्हा आला, तेव्हा वर्गात हा विषय निघायला हवा होता. शिक्षकांनी एक प्रयोग करावा. उकडलेल्या बटाट्याला ओली हळद चोपडून तो मुलांकडून चिरून घ्यावा आणि हळद कुठे कुठे लागली ते शोधायला सांगावे. सुरीची मूठ, पेल्याचा काठ, नळाची तोटी, स्वतःचे गाल! बटाटा कितीही शिजवला तरी हे डाग तिथेच राहतात. ७० अंशांच्या आकड्यातून सुटलेली गोष्ट मुलांना मग वेगळी सांगावी लागणार नाही.