रामघाटावरील संकल्प आणि दीक्षितांचा कालनिर्णय

उज्जयिनीच्या रामघाटावर क्षिप्रास्नानापूर्वी यात्रेकरू जो संकल्प उच्चारतो, तो आम्हां वकिलांच्या दृष्टीने एक उत्तम दस्तऐवज आहे. कोण, कोठे, केव्हा व कशासाठी, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. त्यांपैकी ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर मात्र एकाच घाटावर, एकाच घटकेस, निरनिराळ्या तोंडांनी निरनिराळे ऐकू येते. सन २०१६ च्या सिंहस्थातील उदाहरण घेऊ. त्या वर्षी चैत्री पौर्णिमा २२ एप्रिलला होती. दुसऱ्या दिवशी घाटावरील स्थानिक तीर्थपुरोहिताच्या हिशेबी विक्रम संवत् २०७३, सौम्य संवत्सर, वैशाख कृष्ण प्रतिपदा. गोव्याकडील वा कोकणातील यात्रेकरूच्या हिशेबी शालिवाहन शके १९३८, दुर्मुख संवत्सर, चैत्र वद्य प्रतिपदा. शेजारी एखादा गुजराती गृहस्थ उभा असेल, तर त्याचा महिना आमच्यासारखाच चैत्र. परंतु त्याचे वर्ष कार्तिकात बदलणारे, म्हणून संवत् २०७२. नदी तीच, सूर्य तोच, आणि तिघांचेही विधान खरे!

उत्तरेत महिना पौर्णिमेस संपतो, आपल्याकडे अमावास्येस. म्हणून वद्य पक्षाचे नाव एका महिन्याने पुढे जाते. संवत्सरनामाचा भेद याहून सूक्ष्म आहे. बृहस्पतीच्या मध्यम गतीने मोजलेले संवत्सर सुमारे ३६१ दिवसांचे असते, त्यामुळे पंचाऐंशी-शहाऐंशी वर्षांनी एका नावाचा लोप करावा लागतो. उत्तरेने हा लोप पाळला. दक्षिणेने तो सोडून दिला व नावे सौर वर्षांबरोबर चालविली. म्हणून आज दोहोंत तेरा नावांचे अंतर पडले आहे.

हे सर्व मराठीत, मराठी वाचकास समजेल अशा रीतीने, मुळापासून प्रथम कोणी सांगितले असेल, तर ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. दीक्षित मूळचे दापोलीजवळील मुरूडचे, व्यवसायाने शिक्षक. जन्म १८५३ चा, मृत्यू १८९८ चा, म्हणजे आयुष्य पुरते पंचेचाळीस वर्षांचेही नव्हे. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पुढे दोन भागांत, १९६९ व १९८१ साली निघाले. ते करणारे रा. वि. वैद्य हे उज्जयिनीच्या माधव कॉलेजात गणिताचे अध्यापक होते, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. ग्रंथाचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. तो वाचला मात्र क्वचितच जातो. आदर हा परीक्षणास पर्याय नव्हे, म्हणून या ग्रंथकाराच्या पुराव्याची तपासणी आम्ही येथे दोन ठिकाणी करणार आहो: एका ठिकाणी तो टिकतो, दुसऱ्या ठिकाणी आमच्या मते टिकत नाही.

पहिले ठिकाण गुप्तसंवताचे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात गुप्त राजांचा काळ हा विद्वानांचा रणसंग्राम होता. त्यांच्या संवताचा आरंभ टॉमस इसवी सन ७८ च्या सुमारास, कनिंगहॅम १६७ च्या सुमारास, तर बेली १९० च्या सुमारास धरीत. दुसऱ्या बाजूस फर्ग्युसन यांचे म्हणणे असे, की विक्रम संवत् मुळात इसवी सन ५४४ मध्ये निर्माण करून सहाशे वर्षे मागे ढकलला गेला. आणि मॅक्समुल्लरसारख्या पंडिताने त्यास मान डोलाविली. अशा वेळी फ्लीट यांनी गुप्त लेखांचा संग्रह १८८८ साली प्रसिद्ध केला, व त्यातील तिथी-वारांचे गणित दीक्षितांनी करून दिले. एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. संवताचा आरंभ इसवी सन ३१९ धरला, तर ही तिथी इसवी सन ४८४ च्या २१ जूनला येते. आणि तो दिवस गुरुवारच होता.

येथे पुष्कळ लेखक टाळी वाजवून थांबतात. आम्ही थांबू शकत नाही. वार सातच असल्यामुळे एखादे चुकीचे वर्षही सातांत एकदा जुळून जाईल. अशा पुराव्यावर फौजदारी न्यायालय कोणास दंडही करणार नाही. म्हणजे वार जुळणे ही सिद्धी नव्हे. वार न जुळणे हे मात्र प्रबळ खंडन आहे. गणित साक्षीदाराची उलटतपासणी करते, स्वतः साक्ष देत नाही.

साक्ष दोघांची आहे, व दोघेही उज्जयिनीच्या पंचक्रोशीबाहेरचे असून तिच्या कामाचे आहेत. एक अल्बेरूनी. अकराव्या शतकात त्याने लिहून ठेवले, की गुप्तांचा शक शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो. ७८ व २४१ मिळून ३१९. तो गुप्तांच्या नाशापासून सुरू झाला, असे जे कारण त्याने दिले, ते चुकीचे आहे. परंतु कारण चुकले म्हणून आकडा टाकून द्यावा, असे आपला पुराव्याचा कायदा सांगत नाही. साक्षीतील तूस पाखडून दाणा ठेवण्याची आपल्या न्यायालयांची रीत आहे. दुसरा साक्षीदार मंदसोरचा शिलालेख. रेशीम विणणाऱ्या श्रेणीने सूर्यमंदिर बांधले ते मालव वर्ष ४९३ मध्ये, कुमारगुप्ताच्या अमदानीत. त्याचा जीर्णोद्धार झाला तो ५२९ मध्ये. मालव संवत् हाच विक्रम संवत्, असे धरल्यास ४९३ म्हणजे इसवी सन ४३६. आता कुमारगुप्ताचे इतर लेख गुप्तवर्ष ९६ पासून १२९ पर्यंतचे मिळतात. ४३६ मधून हे आकडे वजा केले, की गुप्तसंवताचा आरंभ ३०७ व ३४० यांच्या दरम्यान कोठेतरी पडला पाहिजे. ७८, १६७, १९० हे तिन्ही आकडे एका वजाबाकीने बाद होतात. अल्बेरूनीचा ३१९ आत बसतो. आणि मग दीक्षितांचा गुरुवार त्यावर मोहोर उठवितो. ५४४ मध्ये जन्मलेल्या संवताने त्यापूर्वीच्या दगडावर वर्षे कोरली जाणे अशक्य, म्हणून फर्ग्युसन यांचाही दावा खर्चासह फेटाळला जातो. एकमेकांस न ओळखणारे तीन पुरावे एका जागी मिळाले, हे या निर्णयाचे खरे बळ होय.

याच दगडांनी उज्जयिनीच्या अभिमानास एक अडचणीचा प्रश्नही विचारला आहे. जुन्या लेखांत या संवतास प्रथम ‘कृत’ म्हणतात. नांदसाच्या यूपस्तंभावर कृत वर्ष २८२ आहे. मग ‘मालव’ हे नाव येते. विक्रमाचे नाव स्पष्टपणे दिसते ते नवव्या शतकातील धोलपूरच्या लेखात. रामघाटावर विक्रमाचे नाव घेऊन संकल्प सोडणाऱ्याचे पुण्य यामुळे रतिभर उणे होत नाही. परंतु इसवी सनापूर्वी ५७ व्या वर्षी विक्रमादित्य नावाच्या सम्राटाने संवत् स्थापिला, हे विधान इतिहास म्हणून मांडावयाचे असेल, तर नावाच्या या नऊशे वर्षांच्या मौनाचे उत्तर द्यावे लागेल. शासनाने १९५७ साली राष्ट्रीय पंचांग सुरू केले, तेव्हा शककालच निवडला. त्याच साली उज्जयिनीत विद्यापीठ स्थापन झाले, ते विक्रमाच्या नावाने. दोन्ही निवडी आपापल्या जागी योग्यच होत्या, असे आम्हांस वाटते.

दुसरे ठिकाण कृत्तिकांचे. इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत, अशा अर्थाचे शतपथब्राह्मणातील वाक्य दीक्षितांनी घेतले, व कृत्तिका विषुववृत्तावर असतील असा काळ गणिताने काढून ते ब्राह्मण ख्रिस्तपूर्व ३००० च्या सुमाराचे ठरविले. गणितात दोष नाही. दोष आहे तो गणिताकडे नेलेल्या वाक्यात. ‘ढळत नाहीत’ म्हणजे किती अंशांपर्यंत ढळत नाहीत? अयनगतीमुळे त्या काळी कृत्तिकांची क्रांती सुमारे पावणेदोनशे वर्षांत एक अंश बदलत होती. यज्ञवेदीजवळ उभ्या असलेल्या ऋत्विजाच्या डोळ्यास चार अंशांचा फरक जाणवला नसेल, तर सातशे वर्षे इकडची तिकडे होतात. शिवाय दस्तऐवजात कथन केलेली गोष्ट व दस्तऐवज यांची तारीख एकच असते, असे कोणता वकील मान्य करील? आजचे खरेदीखत पणजोबांच्या वाटणीचा उल्लेख करते. म्हणून ते पणजोबांच्या काळी लिहिले गेले, असे होत नाही. निरीक्षण पुरातन व त्याचे ग्रथन उत्तरकालीन, ही शक्यता दीक्षितांनी पुरेशी तोलली नाही. टिळकांच्या ‘ओरायन’ला (१८९३) हाच आक्षेप लागू पडतो. प्राचीनत्वाची ओढ त्या पिढीत फार प्रबळ होती, व तिची कारणेही उघड आहेत.

तथापि या एका निर्णयावरून ग्रंथाची किंमत करू नये. करणग्रंथ, पंचांगे, मासांच्या व वर्षारंभांच्या प्रांतोप्रांतीच्या रीती यांविषयी त्यांनी दिलेली माहिती आजही हाताशी असावी अशीच आहे; आणि आमच्या देवस्थानांचे जुने कागद छापणाऱ्यांस तिचा उपयोग सर्वांत अधिक. शिवछत्रपतींच्या जन्माचेच पाहा. जेधे शकावलीत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असे आहे. इंग्लंडने १७५२ पर्यंत जुनी गणना पाळली. तिच्याप्रमाणे तो दिवस १९ फेब्रुवारी १६३०. पोर्तुगालने १५८२ सालीच नवी गणना स्वीकारली होती; म्हणून त्याच शुक्रवारी गोव्यातील पोर्तुगीज कारकून आपल्या वहीत १ मार्च लिहीत होता. आणि उज्जयिनीच्या पुरोहितास विचारले असते, तर त्याने चैत्र कृष्ण तृतीया सांगितली असती! तेव्हा दानपत्र, शिलालेख वा महाजनांचा ठराव छापताना शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी व वार हे मूळ शब्द जसेच्या तसे प्रथम द्यावेत, महिना अमान्त की पौर्णिमान्त ते नमूद करावे, आणि इंग्रजी तारीख कंसात घालून ती जुन्या गणनेची की नव्या, हे पुढे लिहावे.